ब्राह्मी कोणती?



ब्राह्मी हें नांव ज्या घरांत कधींच उच्चारलें गेलें नाहीं असें मराठी घर सांपडणें कठीण आहे. डोक्याला लावावयाच्या तेलाच्या बाटलीवर तें असतें. वैद्यांच्या घृतांच्या आणि अरिष्टांच्या यादींत तें असतें. आणि वार्षिक परीक्षा जवळ आली म्हणजे घरोघरच्या मातांच्या तोंडींहि तें येऊं लागतें. बुद्धि आणि स्मृति यांच्याशीं या नांवाची सांगड आपल्या मनांत इतकी पक्की बसली आहे कीं, नांव घेतल्याबरोबर गुण आठवतो. वनस्पति मात्र डोळ्यांपुढें येत नाहीं.

समजा, आपण पुण्यामुंबईकडील दहा घरीं गेलों आणि प्रत्येक घरीं विनंती केली कीं, "तुमच्याकडची ब्राह्मी दाखवा पाहूं." कांहीं घरीं आपल्याला कुंडींतून बाहेर ओघळणारें, नाजूक खोडाचें आणि बारीक जाड पानांचें एक रोपटें दाखवितील. दुसऱ्या कांहीं घरीं लांब देठांच्या टोकांवर गोल गोल पानें धरून बसलेली, जमिनीवर दोऱ्या टाकीत जाणारी एक निराळीच वनस्पति पुढें करतील. दोन्ही घरचीं माणसें तितक्याच खात्रीनें सांगतील कीं, हीच खरी ब्राह्मी. या दोन वनस्पति परस्परांच्या बहिणी तर नव्हेतच, दूरच्या नातेवाईकहि नव्हेत. एक इसबगोलाच्या कुलांतली आहे, तर दुसरी कोथिंबीर, जिरें आणि ओवा यांच्या कुलांतली. तेव्हां या दोघींची ओळख नीट करून घेणें, आणि ती कां करून घ्यावी हें समजून घेणें, एवढाच आजच्या भाषणाचा हेतु आहे. शिक्षकाच्या जुन्या संवयीप्रमाणें मी हा पाठ पायरीपायरीनें घेणार आहे.

प्रथम स्थळ पाहूं. वनस्पतीला जसें नांव असतें तसेंच गांवहि असतें, आणि ओळख पटविण्यास गांवाचा मोठा उपयोग होतो. ओढा, पाट किंवा तळें यांच्या कांठाला पाणी आणि कोरडी जमीन यांच्यामध्यें एक अरुंद पट्टा असतो. पावसाळ्यांत तो पाण्याखालीं जातो, पाणी ओसरलें कीं उघडा पडतो, आणि पुढें कित्येक महिने त्यांत ओल टिकून राहते. भातखाचरांचे बांध, विहिरीच्या थारोळ्याची भोंवतालची जागा, पाणथळ कुरणें, हीं सगळीं त्याच जातीचीं ठिकाणें. ब्राह्मीचें घर तें हेंच. कोंकणांत आणि गोव्यांत खाडीच्या बाजूस जेथें पाणी थोडें मचूळ असतें तेथेंहि ती तग धरते. ती केवळ आपल्याच देशांत होते असें नाहीं. श्रीलंका, आग्नेय आशिया, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेचे उष्ण प्रदेश येथेंहि ओलसर कांठांवर तिचा संचार आहे. परदेशांत कित्येक लोक तिला काचेच्या मत्स्यपेटींत पाण्याखालीं वाढवितात, आणि आपण तिच्याकडून बुद्धीची अपेक्षा करतों याची त्यांना कल्पनाहि नसते.

आतां आपण तिच्याजवळ बसूं. होय, बसलेंच पाहिजे. उभ्यानें पाहणाऱ्याला ती गवतांतून वेगळी दिसणारच नाहीं. तिचें खोड जमिनीलगत सरपटत जातें. तें गुळगुळीत, रसदार आणि मऊ असतें. त्यावर केंस किंवा लव नसते. खोडाच्या प्रत्येक पेऱ्याला खालच्या बाजूनें मुळें फुटतात आणि तीं चिखलांत रुततात. फांद्यांचे शेंडे मात्र वीतभर वर उचललेले असतात. या पेऱ्यापेऱ्याच्या मुळांमुळेंच ती बहुवर्षायु आहे. पुराच्या पाण्यानें तिचा एखादा तुकडा तुटून वाहून गेला, तर तो जेथें अडकेल तेथें पुन्हां रुजतो.

पानांकडे पाहा. तीं जोडीजोडीनें, समोरासमोर येतात. एका जोडीची दिशा पूर्वपश्चिम असेल तर तिच्यावरील जोडीची दक्षिणोत्तर. म्हणजे शेंड्यावरून खालीं पाहिल्यास पानांचा चौफुला दिसतो. पानाला देठ नसतो. तें सरळ खोडालाच चिकटलेलें असतें. आकार लहान चमच्यासारखा, बुडाशीं निमुळता आणि टोंकाशीं गोलसर. लांबी साधारणपणें एक ते दोन सेंटिमीटर, म्हणजे करंगळीच्या नखाहून किंचित् कमीअधिक. कड अगदीं सलग असते. तिला दांते नसतात. पान जाडसर आणि मांसल असल्यामुळें त्याच्या शिरा ठळक दिसत नाहींत. फार तर मधली एक शीर जाणवते. भिंगांतून पाहिल्यास पानाच्या खालच्या अंगावर सूक्ष्म ठिपके दिसतात.

फूल हें तिचें खरें ओळखपत्र. ओल असेल तर वर्षांतले बहुतेक महिने ती फुलत राहते. पानाच्या बगलेंतून एक बारीक दांडी निघते आणि तिच्या टोंकाला एकच फूल येतें. घोस नाहीं कीं तुरा नाहीं. फुलाचा व्यास सेंटिमीटरच्या आसपास. रंग पांढरा, किंवा त्यांत फिकट निळ्या-जांभळ्या रंगाची छटा. पांच पाकळ्या बुडाशीं एकमेकींस जोडल्या जाऊन एक आंखूड नळी झालेली असते. आंत चार पुंकेसर असतात, त्यांपैकीं दोन लांब व दोन आंखूड. फुलाच्या खालचा हिरवा पेला लक्षपूर्वक पाहिला तर त्याच्या पांच दळांपैकीं बाहेरचीं रुंद आणि आंतलीं अगदीं अरुंद असल्याचें दिसतें, आणि पेल्याच्या लगत खालीं दोऱ्यासारखीं दोन चिमुकलीं उपपानें असतात. हीं दोन उपपानें दिसलीं म्हणजे ओळख जवळजवळ पुरी झाली. फूल गळाल्यावरहि पेला तसाच राहतो, आणि त्याच्या आंत टोंकदार, लहान बोंड तयार होतें. त्यांत धुळीसारखें बारीक बीं असतें.

शेवटची खूण चवीची. पान दांतांखालीं धरलें कीं जी कडू चव येते ती सहज विसरतां येत नाहीं. परंतु ही खूण मी मुद्दाम शेवटीं ठेविली आहे. वनस्पति कोणती हें ठरलेलें नसतां तिची चव घेऊं नये. आणि गांवाचें सांडपाणी ज्या ओढ्यांत येतें त्याच्या कांठचें पान तर मुळींच तोंडांत घालूं नये. याचें दुसरेंहि एक कारण आहे, तें पुढें येईल.

ही झाली पहिली ब्राह्मी. हिला कोणी नीरब्राह्मी, कोणी जलब्राह्मी म्हणतात. शास्त्रीय नांव बॅकोपा मोनिएरी. यांतील दुसरा शब्द ल मोनिये या अठराव्या शतकांतील फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाच्या स्मरणार्थ आहे. लिनीअसनें १७५६ सालीं हिला नांव दिलें तें वेगळ्याच गणांत, आणि पुढें हिची एका गणांतून दुसऱ्या गणांत बदली होत राहिली; त्यामुळें जुन्या इंग्रजी ग्रंथांत ही हर्पेस्टिस मोनिएरा या नांवानें सांपडते. ग्रंथांतलें नांव निराळें दिसलें म्हणून वनस्पति निराळी असें समजूं नये.

आतां दुसरीकडे वळूं. हिचें संस्कृत नांव मंडूकपर्णी. मराठींत हिला कारिवणा असेंहि म्हणतात. गोव्याकडे हिला एकपानी म्हणतात, आणि कानडींतील ओंदेलग या नांवाचाहि अर्थ एक पान असाच आहे. हीहि बहुवर्षायु, हीहि ओलाव्याची भक्त. मात्र उघड्या चिखलापेक्षां ओलसर गवताची, थोड्या सावलीची जागा हिला अधिक मानवते. हिच्या बारीक, बहुधा तांबूस दोऱ्या जमिनीवरून धांवतात. दोरीच्या प्रत्येक गांठीला खालीं मुळें आणि वर तीनचार पानांचा झुबका. प्रत्येक पानाला स्वतःचा लांब देठ असतो, कधीं बोटभर तर कधीं त्याहून पुष्कळ मोठा. पान गोलसर, मूत्रपिंडाच्या आकाराचें. देठ जोडला जातो तेथें खोल खांच, आणि कडेला सर्वत्र बोथट, गोलसर दांते. देठाच्या टोंकापासून पंख्याच्या काड्यांप्रमाणें पांच ते नऊ शिरा सुटलेल्या स्पष्ट दिसतात. रुंदी दोन ते पांच सेंटिमीटर.

हिचें फूल मात्र शोधावें लागतें. पानांच्या बुडाशीं, मातीलगत, आंखूड दांडीवर तीनचार अगदीं सूक्ष्म, तांबूस-जांभळीं फुलें एकत्र बसलेलीं असतात. पानें बाजूला सारल्याखेरीज तीं दिसत नाहींत. फळ दोन्ही बाजूंनीं चेपलेलें आणि त्यावर उभ्या-आडव्या रेघांची जाळी. पान बोटांत चुरगाळलें तर कोथिंबिरीच्या जातीचा मंद वास येतो, आणि हिचें कुल कोणतें याची साक्ष मिळते. शास्त्रीय नांव सेंटेला आशियाटिका. लिनीअसनें १७५३ सालीं हिला हायड्रोकॉटिल आशियाटिका असें म्हटलें होतें. १८७९ सालीं उर्बान या वनस्पतिशास्त्रज्ञानें सांप्रतचें नांव दिलें.

एवढें ऐकल्यावर दोघींतला भेद एका मिनिटांत सांगतां येईल. ज्यांना सर्व लक्षांत ठेवणें जड वाटत असेल त्यांनीं एकच प्रश्न विचारावा: पानाला देठ आहे कीं नाहीं? देठ नाहीं, पानें समोरासमोर, कड सलग, फूल पानांच्या वर एकटें आणि चव कडू, तर नीरब्राह्मी. देठ लांब, पानें झुबक्यांत, कड दांतेरी, फुलें मातीलगत लपलेलीं आणि चुरगाळल्यास कोथिंबिरीसारखा वास, तर मंडूकपर्णी.

परंतु ओल्या कांठावर या दोघीच राहतात असें नाहीं, आणि शेजाऱ्यांना चुकून ब्राह्मी म्हणण्याचा संभव आहे. नीरब्राह्मीशीं घोळ या भाजीचें पुष्कळ साम्य आहे. घोळीचीं पानें तशींच मांसल आणि चमच्यासारखीं. गुजराथींत नीरब्राह्मीला कडवी लूणी, म्हणजे कडू घोळ, असें नांव पडलें आहे तें याच साम्यामुळें. पण घोळीचें खोड बहुधा तांबडें असतें, फूल पिंवळें असतें, चव आंबूस असते, आणि ती ओढ्यापेक्षां शेताबागेंत अधिक. दुसरी शेजारीण जलपिंपळी, जिला रतवेल असेंहि म्हणतात. हिचींहि पानें समोरासमोर आणि खोडहि जमिनीवर पसरणारें. पण पानाच्या टोंकाकडील अर्ध्या कडेला करवतीसारखे दांते असतात, आणि लांब दांडीवर पिंपळीसारखें गच्च बोंडूक येऊन त्याच्या भोंवतीं बारीक फुलांचें कडें बसतें. असें कडें दिसलें कीं ती ब्राह्मी नव्हे.

मंडूकपर्णीच्या बाबतींत फसविणारी वनस्पति म्हणजे उंदीरकानी. तिचीं पानें गोलसर आणि तळाशीं खांचेचीं, खोड पसरणारें, गांठींना मुळें. त्यामुळें लांबून चुकायला होतें. पण तिच्या गांठीवर पानांचा झुबका नसतो, एकेकच पान असतें. आणि तिला पिंवळें, घंटेच्या आकाराचें फूल येतें. याखेरीज रोपवाटिकांत शोभेसाठीं एक वनस्पति मिळते, जिचें पान चकचकीत नाण्यासारखें वाटोळें असून देठ पानाच्या कडेला न जोडतां मध्यभागीं, छत्रीच्या दांडीसारखा जोडलेला असतो. ती दिसावयास सुरेख असते, परंतु ती नीरब्राह्मी नव्हे आणि मंडूकपर्णीहि नव्हे. देठ मध्यभागीं असेल तर ती बागेंतच राहूं द्यावी, स्वयंपाकघरांत आणूं नये.

आतां कोणी विचारील कीं, हा घोटाळा आपल्या पूर्वजांनीं केला काय? जुने ग्रंथ पाहिले तर उलट दिसतें. चरकसंहितेंत बुद्धिवर्धक रसायनें म्हणून ज्या चार औषधींचा एकत्र उल्लेख आहे त्यांत मंडूकपर्णी आहे. तिच्याबरोबर ज्येष्ठमध, गुळवेल आणि शंखपुष्पी. अपस्माराच्या प्रकरणांत त्याच संहितेंत ब्राह्मीच्या रसानें सिद्ध केलेलें घृत सांगितलें आहे. सुश्रुतानें तर एकाच अध्यायांत मंडूकपर्णीच्या रसाचा प्रयोग आणि ब्राह्मीच्या रसाचा प्रयोग निरनिराळे दिले आहेत. एकच वस्तु असती तर दोनदां सांगण्याचें कारण नव्हतें. पुढें सोळाव्या शतकांत भावमिश्रानें आपल्या निघंटूंत दोघींचीं नांवें लागोपाठ देऊन गुण एकत्र सांगितले. वाचणाऱ्यांच्या मनांत दोघी एकरूप होण्यास येथें वाव मिळाला असावा, असें अनेक अभ्यासकांचें मत आहे.

प्रांतोप्रांतींच्या व्यवहारानें या घोटाळ्यास बळकटी आली. उत्तर हिंदुस्थानांत, विशेषतः हरद्वारकडे, ब्राह्मी म्हणून मंडूकपर्णी देतात. केरळांत ब्राह्मी म्हणजे नीरब्राह्मीच. बंगाल्यांत नीरब्राह्मीच्या पाल्याची भाजी ब्राह्मी शाक म्हणून होते आणि मंडूकपर्णीला थानकुनी असें स्वतंत्र नांव आहे. तामिळींत मंडूकपर्णी ती वल्लारै. आपल्या महाराष्ट्रांत मात्र ब्राह्मी या एकाच शब्दानें दोन्ही वस्तूंची देवघेव होते, आणि म्हणूनच आपल्याला डोळसपणाची गरज अधिक आहे.

या संदर्भांत एका जुन्या ग्रंथाचें नांव अवश्य घेतलें पाहिजे. कोचीनचा डच अधिकारी व्हान र्‍हीडे यानें मलबारच्या वनस्पतींवर 'हॉर्टस मलबारिकस' हा बारा भागांचा सचित्र ग्रंथ तयार करविला. तो १६७८ ते १६९३ या काळांत प्रसिद्ध झाला. त्याच्या रचनेस साहाय्य करणाऱ्यांत रंगभट, विनायक पंडित आणि अप्पुभट हे तीन कोंकणी वैद्य होते, आणि त्यांची नागरी लिपींतील साक्ष त्या ग्रंथाच्या पहिल्या भागांत छापलेली आहे. त्या ग्रंथांत नीरब्राह्मीचें चित्र 'बेआमी' या नांवाखालीं आणि मंडूकपर्णीचें चित्र दुसऱ्या नांवाखालीं आहे. म्हणजे सतराव्या शतकांत मलबारांत तरी दोघी स्पष्टपणें वेगळ्या ओळखल्या जात होत्या. पुढें आपले मराठी शल्यवैद्य कान्होबा रणछोडदास कीर्तिकर यांनीं बसू यांच्या सहकार्यानें हिंदी औषधी वनस्पतींवर मोठा सचित्र ग्रंथ सिद्ध केला. कीर्तिकर १९१७ सालीं वारले आणि ग्रंथ १९१८ सालीं बाहेर पडला. त्यांतहि दोघींची वर्णनें निरनिराळीं आहेत. भारत सरकारच्या आयुर्वेदीय औषधिकोशांतहि ब्राह्मी म्हणजे बॅकोपा आणि मंडूकपर्णी म्हणजे सेंटेला, अशा दोन स्वतंत्र नोंदी आहेत. ग्रंथांत निर्णय झालेला आहे. तो बाजारांत आणि घरांत उतरावयाचा राहिला आहे.

"पण मास्तर, दोन्ही जर बुद्धीला हितकर, तर एकीच्या जागीं दुसरी घेतली म्हणून काय बिघडलें?" हा आक्षेप मी अनेकदां ऐकला आहे, आणि त्याचें उत्तर देणें अगत्याचें आहे.

पहिली गोष्ट, दोघींतलीं द्रव्यें निराळीं आहेत. नीरब्राह्मींत बॅकोसाइड नांवाचीं द्रव्यें असतात. लखनौ येथील केंद्रीय औषध संशोधन संस्थेंतील रसायनज्ञांनीं १९६० नंतरच्या दशकांत त्यांचा पाठपुरावा केला. मंडूकपर्णींत एशियाटिकोसाइड हें प्रमुख द्रव्य. तिची ख्याति जखमा भरून येण्याच्या कामीं अधिक आहे. दुसरी गोष्ट, एकीवर झालेल्या प्रयोगाचें फळ दुसरीच्या पदरांत घालतां येत नाहीं. ऑस्ट्रेलियांत झालेला आणि २००१ सालीं प्रसिद्ध झालेला एक प्रयोग पाहा. निरोगी प्रौढ माणसांना नीरब्राह्मीचा अर्क बारा आठवडे दिला असतां शिकण्याच्या वेगांत आणि स्मरणांत कांहीं सुधारणा आढळली, आणि ती मुख्यतः मुदतीच्या अखेरीस आढळली. वर्तमानपत्रांत असें कांहीं वाचून आपण दारावरची गोल पानांची जुडी घेतली, तर आपण वाचलें एकीविषयीं आणि घेतली दुसरी. शिवाय, परीक्षेच्या आदल्या आठवड्यांत मुलाला रस पाजणाऱ्यांनीं त्या बारा आठवड्यांचाहि विचार करावा. तिसरी गोष्ट, मात्रा. एकीची मात्रा दुसरीला लागू होत नाहीं. नीरब्राह्मीनें कित्येकांस मळमळ होते, पोट बिघडतें. लहान मुलें, गरोदर स्त्रिया आणि रोज दुसरीं औषधें घेणारीं माणसें यांनीं वैद्याच्या किंवा डॉक्टरच्या सल्ल्याशिवाय या दोहोंपैकीं कांहींहि पोटांत घेऊं नये.

आणि चौथी गोष्ट, जिचा मी मघाशीं वायदा केला होता. नीरब्राह्मी ज्या पाण्यांत उभी असते त्यांतील धातु ती आपल्या अंगांत ओढून घेते. लखनौच्याच राष्ट्रीय वनस्पति संशोधन संस्थेंतील संशोधकांनीं तांबें आणि कॅडमियम हे धातु ती पाण्यांतून कसे शोषून घेते यासंबंधींचा अभ्यास १९९० सालीं प्रसिद्ध केला. पाणी शुद्ध करण्याच्या दृष्टीनें हा गुण आहे. पण तीच वनस्पति आपल्या पोटांत जाणार असेल तर तो मोठा दोष ठरतो. कारखान्यांचें आणि गटारांचें पाणी वाहणाऱ्या नाल्याच्या कांठीं ती हिरवीगार, तजेलदार दिसेल. तिच्या तजेल्यावर जाऊं नये. आंत शिरलेला धातु पान दहादां धुतलें तरी निघत नाहीं. म्हणून ओळखीचे प्रश्न दोन: ही कोण? आणि ही कोठची? पहिल्याचें उत्तर बरोबर आलें तरी दुसऱ्याचें उत्तर मिळेपर्यंत हात आंखडता ठेवावा.

मग शहरांतील गृहस्थानें काय करावें? सर्वांत सोपा उपाय म्हणजे खात्रीच्या ठिकाणाहून, एखाद्या आयुर्वेद महाविद्यालयाच्या वनौषधि-उद्यानांतून किंवा विश्वासाच्या रोपवाटिकेंतून, दोनचार पेऱ्यांचा एक तुकडा आणावा आणि तो घरीं लावावा. खोल कुंडीची गरज नाहीं; पसरट, उथळ भांडें चांगलें. मातींत थोडें शेणखत मिसळावें, पेरीं मातीला टेकतील असा तुकडा आडवा ठेवावा, आणि माती कधीं कोरडी पडूं देऊं नये. सकाळचें ऊन मिळालें तर कांहीं आठवड्यांतच भांडें भरून जातें. मंडूकपर्णीला तितकेंच पाणी, पण सावली थोडी अधिक. दोन्ही शेजारीशेजारीं लावाव्या आणि दोन्हींच्या कुंड्यांवर दोन निराळीं नांवें लिहावीं. घरांतील मुलामुलींना हातांत भिंग देऊन विचारावें, "देठ आहे कीं नाहीं?" पुस्तकांतील आकृतीनें जें आठ दिवसांत साधत नाहीं तें अशा एका सकाळीं साधतें. त्या दिवशीं मुलांनीं ब्राह्मीचा एक थेंबहि घेतला नाहीं तरी त्यांच्या बुद्धीला चांगला व्यायाम घडलेला असेल.

ओढ्याकांठीं जाणाऱ्यांस एक विनंती. ओळख पटली म्हणून ताटवा उपटूं नये. दोन शेंडे खुडून घेतले तर मागचीं मुळें ताटवा पुन्हां भरून काढतात. ही वनस्पति दुर्मिळ नाहीं. मात्र ती ज्या ओल्या पट्ट्यावर जगते तो पट्टा शहरांजवळ झपाट्यानें आंकसत आहे. ओढ्याच्या दोन्ही बाजूंना सरळ भिंती बांधल्या कीं पाणी आणि जमीन यांच्यामधला तो उतरता, चिखलाचा, कामधंद्याला निरुपयोगी वाटणारा कांठ नाहींसा होतो. आणि त्याबरोबर ब्राह्मी, जलपिंपळी आणि त्यांच्या मुळांनीं धरून ठेविलेली मातीहि जाते. ज्या वनस्पतीचें नांव आपण मुलांच्या कल्याणासाठीं घेतों, तिला उगवावयास वीतभर ओली जमीन शिल्लक ठेवणें हें त्याच कल्याणाचें अंग आहे.

तेव्हां यापुढें कोणीं आपल्यासमोर हिरवी जुडी धरून "ही घ्या ब्राह्मी" असें म्हटलें तर नांवावर न जातां प्रथम पान उलटून पाहावें, मग देठ पाहावा, मग फूल असल्यास तें पाहावें, आणि विचारावें कीं, ही कोठून आणली. हें करावयास एक मिनिट पुरतें. आणि दोन्ही उत्तरें मनासारखीं आलीं नाहींत, तर जुडी आदरानें परत करावी.